लेखांक ५ : गोदीने वसवलेले रिचमंड

जर्मन पाणबुड्या जितकी जहाजे बुडवतील त्याहून अधिक बांधायची, हा दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांमागचा हिशेब मागच्या लेखांकात आला. तो खरा करून दाखवला कॅलिफोर्नियातल्या रिचमंडने. १९४० साली या गावची वस्ती होती २३,६४२. तिथे हेन्री कैसरच्या चार गोद्या उभ्या राहिल्या, आणि युद्ध संपेपर्यंत त्यांतून ७४७ जहाजे पाण्यात उतरली.

कैसर हा धरणे आणि रस्ते बांधणारा कंत्राटदार. जहाजबांधणीतल्या जुन्या रिवाजांचे ओझे त्याच्या डोक्यावर नव्हते. रिव्हेट ठोकण्याऐवजी त्याने वेल्डिंगवर भर दिला. जहाजाचे मोठमोठे भाग आधी जमिनीवर जोडायचे आणि मग क्रेनने उचलून जागी बसवायचे. काही भाग तर मुद्दाम उलटे ठेवत. त्यामुळे वेल्डरला मान वर करून, अंगावर ठिणग्या झेलत काम करावे लागत नसे. असे काम नवखी माणसेही लवकर शिकत. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे जहाज इथे अवघ्या ४ दिवस साडेपंधरा तासांत बांधून पाण्यात उतरवले.

  

पण पिअरीच्या विक्रमाचे जितके कौतुक झाले, तितके ती जहाजे बांधणाऱ्या माणसांच्या संसाराचे झाले नाही. खरी कसोटी तिथे होती. अमेरिकेच्या दक्षिणेतून आणि मध्यपश्चिमेतल्या राज्यांतून कामगारांचे लोंढे आले आणि वस्ती लाखाच्या घरात गेली. एकाच खाटेवर पाळीपाळीने माणसे झोपत. कामगारांत सुमारे चतुर्थांश स्त्रिया होत्या. त्यांच्यासाठी गावभर पाळणाघरे निघाली, तिथे रोज चौदाशेच्या आसपास मुले असत. डॉ. सिडनी गारफिल्ड यांच्या योजनेत कामगाराला दिवसाला ७ सेंट भरून उपचार मिळत. १९४५ मध्ये ही योजना सर्वांना खुली झाली. तीच आजची कैसर पर्मनंटे ही आरोग्यसेवा संस्था.

सोयी आणि हक्क सर्वांना सारखे मात्र नव्हते. ॲचिसन व्हिलेजमधली नेटकी घरे गोऱ्यांसाठी होती. बॉयलरमेकर्स या कामगार संघटनेने कृष्णवर्णीय कामगारांना वेगळ्या उपशाखेत टाकले. वर्गणी घ्यायची, पण मताचा अधिकार नाही. शेजारच्या सॉसालिटोतल्या गोदीतला वेल्डर जोसेफ जेम्स याविरुद्ध कोर्टात गेला. १९४४ च्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. तोवर युद्ध संपत आले होते. पुढे गोद्या बंद पडल्या. पन्नासच्या दशकात युद्धकाळातल्या बहुतेक चाळी पाडल्या गेल्या, आणि त्याचा फटका सर्वाधिक बसला तो कृष्णवर्णीय कुटुंबांनाच.

२००० साली इथे ‘रोझी द रिव्हेटर’ राष्ट्रीय उद्यान झाले. बॉयलरमेकर्सच्या त्या वेगळ्या उपशाखेच्या कचेरीत कारकुनी केलेल्या बेटी रीड सॉस्किन तिथे रेंजर झाल्या आणि भेदभावाची ही बाजू पाहुण्यांना सांगत राहिल्या. २०२२ मध्ये त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय १०० वर्षे होते.

(पुढील आठवड्यात : वेल्डिंगच्या जहाजांना तडे का गेले?)