पट्ट्याची जमीन, हंगामाची उधारी : रिकाम्या महिन्यांचे बैलकुप्प्यातील गणित

म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात, कोडगूच्या सीमेलगत बैलकुप्पे वसलेले आहे. पर्यटकांना ते नामद्रोलिंग विहारातील भव्य सोनेरी मूर्तींमुळे ठाऊक असते. शेती विस्ताराच्या दृष्टीने मात्र या ठिकाणाचे महत्त्व निराळे आहे. येथील हवामानाची ओळख नसलेल्या, स्थानिक भाषा न जाणणाऱ्या आणि हाती कोणतेही भांडवल नसलेल्या हजारो निर्वासितांनी येथे उपजीविका उभी केली. आणि ती उभी करताना केवळ जमीन मिळाल्याने बेकारी संपत नाही, हे त्यांना फार लवकर उमगले.

१९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी अनेकांचा पहिला रोजगार म्हणजे हिमालयातील रस्त्यांवरची खडीफोड. ते काम धोक्याचे होते आणि कायमचे नव्हते. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे तीन हजार एकर जमीन भाडेपट्ट्याने देऊ केली आणि १९६१ च्या सुमारास लुगसुम सामदुपलिंग ही वसाहत आकाराला आली. जमीन म्हणजे प्रत्यक्षात जंगलच होते. झाडे तोडून शेते काढावी लागली, उभ्या पिकात हत्ती शिरत. सातू पिकवणाऱ्या आणि याक चारणाऱ्या माणसांना मक्याची लागवड शिकावी लागली. मका मात्र येथे रुजला आणि आजही तो वसाहतीचे मुख्य पीक म्हणून ओळखला जातो. वाटपात माणशी सुमारे एक एकर जमीन आली. पुढे कुटुंबे वाढली, जमीन तेवढीच राहिली. १९६९ मध्ये शेजारीच डिक्यी लारसो ही दुसरी वसाहत वसली, ती नव्याने येणाऱ्यांसाठी.

पावसावरच्या मक्याचे काम ऑक्टोबरच्या आसपास संपते. पुढच्या पेरणीपर्यंतचे पाच-सहा महिने शेतात हाताला काम नसते. मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला ही स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. अशा माणसाची गणना बेकारांत होत नाही, कारण त्याच्या नावावर सातबारा असतो. प्रत्यक्षात तो वर्षाचा मोठा भाग बेकारच असतो. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमीचा मार्ग धरला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. बैलकुप्प्यातील कुटुंबांनी या रिकाम्या महिन्यांसाठी बाजाराचा मार्ग धरला.

तो बाजार म्हणजे स्वेटरांचा. थंडीच्या तोंडावर मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत पदपथावर किंवा मैदानातील तात्पुरत्या गाळ्यांत बसणारे तिबेटी विक्रेते मराठी ग्राहकाच्या चांगले परिचयाचे आहेत. त्यांतील पुष्कळांच्या घरी शेत आहे, ही गोष्ट मात्र ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. मका निघाला की कुटुंबातील कर्ती माणसे निघतात, लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल उचलतात आणि जानेवारीच्या सुमारास परततात. वसाहतीत त्या काळात प्रामुख्याने वृद्ध आणि मुले उरतात. या व्यवसायाचा खरा आधार विक्रीकौशल्य नसून उधारी हा आहे. पट्ट्याची जमीन सरकारची, तेव्हा ती तारण ठेवून कर्ज काढणे शक्य नव्हते. घाऊक व्यापाऱ्याने माल विश्वासावर दिला, हंगाम संपताच रक्कम चुकती झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा माल मिळाला. वर्षानुवर्षे पाळलेला शब्द हेच तारण ठरले. परतफेड उत्पन्न हाती आल्यावर, एकदाच. दरमहा हप्त्याने नव्हे. या वेळापत्रकाकडे ग्रामीण पतपुरवठ्याचे नियोजन करणाऱ्यांनी जरूर पाहावे.

घरबसल्या उत्पन्नाचा प्रयत्न गालिच्यांच्या रूपाने झाला. तिबेटी पद्धतीत लोकर आडव्या सळईभोवती गुंडाळत जातात आणि ओळ पूर्ण झाल्यावर तो वेढा कापून गालिच्याची लव काढतात. सळईच्या जाडीवर लवेची उंची ठरते. हे काम घरातील स्त्रियांना जमणारे होते, पण ग्राहक दूरचा आणि लोकरीचा खर्च मोठा. कला उत्तम असूनही हस्तकला केंद्रे स्वेटरांच्या व्यापाराइतकी घरे चालवू शकली नाहीत.

महाराष्ट्रातील प्रत्येक गावसेवकाला परिचित असलेल्या बचत गटाचे एक मूळही याच पुनर्वसनाशी जोडलेले आहे. तिबेटींच्या वसाहती उभारण्यास साहाय्य करण्यासाठी १९६८ मध्ये ‘मायराडा’ ही संस्था स्थापन झाली. म्हैसूर पुनर्वसन आणि विकास संस्था हे तिचे मूळ नाव. पुनर्वसनाचे काम मार्गी लागल्यावर ती कर्नाटकातील कोरडवाहू गावांकडे वळली. तेथे तिने मोठ्या सहकारी संस्था उभारल्या आणि १९८४-८५ च्या सुमारास त्यांतील अनेक मोडकळीस आल्या. सभासदांचा पुढाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता. तरीही काही ठिकाणी सभासद लहान लहान जथ्यांनी पुढे आले आणि घेतलेले कर्ज आपण संस्थेला नव्हे तर थेट मायराडाला फेडू, असे म्हणू लागले. हे जथे एकमेकांना आधीपासून ओळखणाऱ्या, एकमेकांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या माणसांचे होते. संस्थेने ते मोडून पुन्हा मोठी रचना करण्याचा अट्टहास धरला नाही. आहेत तसेच राहू दिले. १९८७ मध्ये नाबार्डने या प्रयोगास अर्थसाहाय्य दिले आणि १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम देशपातळीवर सुरू झाला. आज गावोगावी उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी एका बैठकीत गट ‘बसवला’ जातो, तेव्हा ही सुरुवात विसरली गेलेली असते. आधी परस्परांवरचा विश्वास होता, नंतर गट झाला.

बैलकुप्प्याचे चित्र सर्वस्वी उजळ मात्र नाही. एकाच व्यापारावर भिस्त ठेवण्याची किंमत या विक्रेत्यांनी मोजली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी जाहीर झाली ती नेमकी स्वेटरांच्या हंगामात, आणि पदपथावरचा सारा व्यवहार रोखीचा. २०२० मध्ये महासाथीने तो हंगाम पुन्हा विस्कटला. शिकलेल्या तरुणांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. वसाहतीतील शाळांमधून पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींना ना मक्याच्या शेतात रस, ना पदपथावरच्या गाळ्यात. अनेकजण शहरांकडे वळले आणि पुष्कळांनी परदेशची वाट धरली. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने पट्ट्याचे करार, शासकीय योजनांचा लाभ आणि व्यवसायाचे परवाने या बाबींना स्पष्टता आणण्याचा प्रयत्न केला. विहार पाहण्यास येणाऱ्या पर्यटकांमुळे खानावळी, उदबत्ती आणि हस्तकलेच्या वस्तूंची दुकाने यांना आधार मिळाला, हेही खरे.

महाराष्ट्राच्या विस्तार कार्यकर्त्यांना हाच नमुना जवळ पाहायचा असेल तर तो गोंदिया जिल्ह्यात आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगाव परिसरात १९७२ मध्ये वसलेल्या नोर्ग्येलिंग वसाहतीतील कुटुंबे शेतीला हिवाळी स्वेटर-विक्रीची जोड देतात. धान पिकवणाऱ्या त्यांच्या मराठी शेजाऱ्यांचेही रिकामे महिने साधारण तेच असतात.

घरगुती उद्योगाचे प्रशिक्षण आखताना सहसा वस्तूपासून सुरुवात होते : पापड, लोणचे, मसाले, उदबत्ती. बैलकुप्प्याचा अनुभव क्रम उलटा लावतो. प्रथम कुटुंबाचे बारा महिने कागदावर मांडावेत. कोणत्या महिन्यात कोणाचे हात रिकामे आहेत, ते नोंदवावे. नंतर त्या महिन्यांत कोणत्या वस्तूला, कोणत्या गावी गिऱ्हाईक आहे याचा शोध घ्यावा. प्रशिक्षणाचा विचार त्यानंतर. कर्जाचा हप्तादेखील याच कागदावर ठरावा. नुकतीच फळलेली शेळी पाच महिन्यांनी विते आणि तिचे करडू विक्रीयोग्य होण्यास आणखी काही महिने जातात. तिच्यासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सुरू झाला, तर तो शेळी विकूनच फेडला जातो.