‘सिस्टर, हे कुणाला सांगू नका’

मुलांच्या मानसिक आजारांचा विषय निघाला की आपल्याला आधी डॉक्टर आठवतात. आज मी नर्सबद्दल बोलणार आहे. कारण साधं आहे. अजिंठ्याहून संभाजीनगरची घाटी नव्वदेक किलोमीटरवर. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचायच्या आधी इथलं लेकरू तीन-चार नर्सच्या हाताखालून गेलेलं असतं. एकीनं लस टोचलेली असते, एकीनं शाळेत वजन-उंची घेतलेली असते, आणि कधी कधी एकीनं नाकातून नळी घालून त्याचं पोट धुतलेलं असतं.

या शेवटच्या नर्सपासून सुरुवात करू. आपला भाग कपाशी-मक्याचा. फवारणीचं औषध घरोघरी, हाताशी. समजा, पंधरा वर्षांची मुलगी रात्री दाखल झाली. घरचे म्हणतात, ‘खोकल्याचं औषध समजून चुकून पिली.’ डॉक्टर जीव वाचवतात. चार दिवसांनी सुट्टी होते. केसपेपरवर ‘अपघात’ लिहिलेलं असतं. ती का प्यायली, हे कुणी विचारलेलंच नसतं.

घरचे खोटं का बोलतात? पोलिसांची भीती, आणि पोरीच्या लग्नाची काळजी. पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या ३०९ सारखं सरसकट शिक्षेचं कलमच राहिलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते वेगळं. हे आईबापांना समजावून सांगणं हेही नर्सचंच काम. भीती गेली की खरं बाहेर येतं.

मुलीशी बोलायची वेळ म्हणजे रात्रपाळी. नातेवाईकांना चहाला पाठवायचं, स्टूल ओढून बसायचं आणि सरळ विचारायचं: ‘तुला जीव द्यावासा वाटत होता का? आत्ताही वाटतं का?’ पुष्कळ जणींना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू. तसं होत नाही. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल मोकळं होतं.

मग ते वाक्य येतं: ‘सिस्टर, हे कुणाला सांगू नका.’ इथे ‘नाही सांगणार’ असा शब्द चटकन देऊन टाकायचा नाही. आधीच सांगायचं: ‘तुझं बोलणं मी इकडे-तिकडे करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला मदत आणावी लागेल. कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं बंधनकारकच आहे. बाकीचं मात्र खरंच पोटात ठेवायचं. ज्या गावात नर्सच्या शेजारीच मुलीची आत्या राहते, तिथे हे बोलायला सोपं, करायला फार अवघड.

आता शाळेत वजन घेणारी नर्स. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतात. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासली जातात. उंची मोजताना बाही वर सरकते आणि मनगटावर ब्लेडच्या रेषा दिसतात. त्या बघायला मशीन लागत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक त्रास आढळला. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण तोच हिशेब धरला तर या वयाच्या तीनशे मुलांच्या शाळेत वीस-बावीस मुलं झाली. रेषा दिसल्या तर वर्गासमोर ‘हे काय केलंस?’ म्हणायचं नाही. बाजूला घ्यायचं, आणि मैत्री क्लिनिकला पाठवायचं. ही क्लिनिक किशोरवयीनांसाठीच असतात.

वॉर्डातलं काम थोडक्यात सांगते. २०१७ च्या कायद्यानं अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस सोबत राहू द्यावं लागतं. मुलीबरोबर फक्त बाप असेल तर बाईमाणूस सोबतीला लागतं. झोप किती, जेवण किती, गोळीनं भूक मेली की वजन वाढलं, याची रोजची नोंद नर्सची. डॉक्टर औषध बदलतात ते पुष्कळदा त्या नोंदीवरून.

‘बाहेरचं झालंय’ म्हणणाऱ्या आजीशी वाद घालू नका. ‘देवाला जा, दर्ग्याला जा, पण गोळी चुकवू नका,’ एवढंच म्हणा. आजी दुखावली की लेकरू पुन्हा दवाखान्यात येत नाही.

आणि सुट्टीच्या दिवशी तीन गोष्टी. औषधाच्या बाटल्या कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडे. पुढच्या भेटीची तारीख चिठ्ठीवर, ‘पुढच्या आठवड्यात या’ असं मोघम नको. आणि त्याच चिठ्ठीवर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तारीख चुकली तर आशाताईला त्याच संध्याकाळी फोन करा.