घरातील खाट आणि तिचा खर्च

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी केशवापुरातील आजाऱ्यांस कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. या फेरीतील बहुतेक घरांत आता अमुक एक दुखणे असे नसते. असते ते वार्धक्य. अर्धांगाने एक बाजू गेलेली, मांडीचे हाड मोडल्यापासून न उठलेली, किंवा पोटच्या मुलास ‘आपण कोण?’ असे विचारणारी माणसे खाटेवर असतात. इस्पितळाने आपले काम करून त्यांस घरी धाडलेले असते. सोबत औषधांचा कागद असतो. परंतु या देहास रात्री दोन वाजता कुशीवर कोणी वळवावयाचे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. मग दाराशी निरोप घेताना घरचे माणूस आम्हांस विचारते, “फादर, एखादी चांगली बाई पाहून द्याल का?” आणि आवाज उतरवून, “ती घेते तरी किती?” या दोन प्रश्नांविषयी आम्हांस जे ठाऊक आहे, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे ठरवावे की आपणांस हवे आहे ते कोणते काम. आपल्याकडे नर्सलाही सिस्टर म्हणतात आणि मठातील भगिनीलाही; त्यात दिवसभर सोबतीस राहणारी बाईही ‘सिस्टर’ होऊन बसली आहे. परिणामी लोक एकीचे काम दुसरीस सांगतात आणि दाम तिसरीचे मोजतात. जखमेची मलमपट्टी, इंजेक्शन, लघवीची नळी बदलणे, नाकातील नळीची देखरेख, ही शिकलेल्या परिचारिकेची कामे होत. अंघोळ घालणे, भरविणे, कपडे बदलणे, शौचास नेणे आणि दर दोन तासांनी कूस बदलणे, ही सोबतिणीची कामे. दुसऱ्या प्रकारचे काम हलके आहे असे कोणी समजू नये. कूस बदलली नाही तर पाठीवर व्रण पडतात, आणि ते भरून येण्यास महिने लागतात. परंतु दिवसातून एकदा पट्टी बदलावयाची म्हणून बारा तासांची नर्स ठेवणे म्हणजे एका पत्रासाठी पोस्टमनास घरी मुक्कामास ठेवण्यासारखे आहे. नर्स तासाभरासाठी येऊन गेली आणि उरलेल्या वेळी घरच्यांस तिने हात शिकविला, तर पुष्कळ घरांचे भागते. इस्पितळातून निघण्यापूर्वी दोन दिवस तेथील परिचारिकेकडून उचलण्याची, वळविण्याची व भरविण्याची रीत शिकून घ्यावी. त्यास पैसा पडत नाही, आणि मागितल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही.

आता दामाचे. समजा, एका बारा तासांच्या पाळीस ७०० रुपये पडतात. (हा आकडा आम्ही केवळ हिशेबासाठी घेतला आहे, प्रत्यक्ष दर ज्याने त्याने विचारावा.) महिन्याचे २१,००० झाले, रात्रीची पाळी धरल्यास ४२,०००. शिवाय लंगोट, औषधे, भाड्याची खाट आणि हवेची गादी. केशवापुरातील किती घरांत एवढी मिळकत केवळ एका खाटेसाठी बाजूला काढता येईल? म्हणून आम्ही लोकांस सांगतो की पाळी विकत घेऊ नका, तास विकत घ्या. घरातील माणूस कोणत्या वेळी मोडून पडते ते पाहा. बहुधा ती वेळ सकाळच्या अंघोळीची असते, किंवा मग रात्रीची. सकाळचे दोन तास शेजारच्या गल्लीतील खात्रीची बाई आली, तरी घराचा श्वास मोकळा होतो. अनेक ठिकाणी आम्ही याच्या उलट पाहतो: दिवसभर, म्हणजे घर माणसांनी भरलेले असताना, पगारी बाई बसलेली, आणि रात्री, जेव्हा खरी गरज, तेव्हा साठी उलटलेली सून एकटी जागी.

‘आमचा तर विमा आहे’ असे कोणी म्हणतो, तेव्हा आम्हांस थोडे कठोर व्हावे लागते. विमा आणि सरकारी कार्ड यांची धाव बहुधा इस्पितळाच्या फाटकापर्यंत. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तर वर्षे व त्यावरील वृद्धांसाठी, मिळकत न पाहता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची आयुष्मान योजना सुरू केली. योजना मोलाची आहे. आपल्या राज्यात तिचा लाभ कोठे व कसा मिळतो, हे इस्पितळातील आरोग्यमित्राकडे विचारावे. तथापि ती इस्पितळात दाखल झालेल्यांसाठी आहे. घरी परतल्यावर काही दिवसांची औषधे तीत बसतात. अंघोळ घालणाऱ्या बाईचा पगार बसत नाही. खासगी विम्यात ‘डोमिसिलिअरी’ नावाचे एक कलम असते, त्यावरूनही पुष्कळांची फसगत होते. एरव्ही इस्पितळातच करावे लागले असते असे उपचार, रोगी हलविण्याजोगा नाही किंवा इस्पितळात जागा नाही म्हणून घरी करावे लागले, तरच ते कलम लागू होते. निव्वळ वार्धक्याची शुश्रूषा त्यात येत नाही. विमा घेताना हे कलम विक्रेत्याकडून वाचून घ्यावे. आणि तोंडी आश्वासन हे आश्वासन नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या परिसरात एक मार्ग मात्र असा आहे, की जो हाताशी असून लोकांच्या ध्यानात येत नाही. केशवापूर व त्याच्या आसपासची वस्ती रेल्वेची. या घरांतील वडील रेल्वेत होते. ते गेले असतील तर आईस कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. केंद्र सरकारच्या व रेल्वेच्या निवृत्तांस ऐंशी वर्षे पूर्ण होताच मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के अधिक मिळतात; पंच्याऐंशीव्या वर्षी ३०, नव्वदाव्या वर्षी ४०, पंच्याण्णवाव्या वर्षी ५०, आणि शंभरी गाठल्यास १०० टक्के. वय वाढते तशी गरज वाढते, या विचाराने सहाव्या वेतन आयोगाने ही वाढ सुचविली. कुटुंब निवृत्तिवेतनासही ती लागू आहे, आणि ज्या महिन्यात वाढदिवस येतो त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ती सुरू व्हावयास हवी. अडचण येते ती जन्मतारखेची. पतीच्या जुन्या पेन्शन-आदेशात पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा लिहिलेलीच नसते. मग बँकेस ती ऐंशीची झाली हे कळणार कसे? वाचकहो, आजच आईचा तो आदेश पेटीतून काढा आणि तिची जन्मतारीख त्यात आहे काय ते पाहा. नसेल तर वयाच्या पुराव्यासह बँकेकडे अर्ज करा. मागील थकबाकीही मागा. १५,००० रुपयांच्या मूळ वेतनावर २० टक्के म्हणजे महिन्याला ३,००० रुपये होतात, आणि त्यावरील महागाई भत्ता वेगळा. सकाळच्या दोन तासांच्या बाईचा मोठा वाटा एवढ्यातून निघू शकेल.

हयातीचा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यावयाचा असतो. ऐंशीवरील वृद्धांस ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासूनच तो देण्याची मुभा आहे. यासाठी खाटेवरील माणसास रिक्षात घालून बँकेत नेणारी मुले आम्ही पाहिली आहेत, आणि पाहून वाईट वाटले आहे. मोबाइलवर चेहरा दाखवून हा दाखला घरबसल्या देता येतो. अंथरुणास खिळलेल्यासाठी घरी माणूस पाठवावा असेही बँकेस सांगता येते.

ज्या घरांत पेन्शन नाही, तेथे वाट अरुंद आहे. कर्नाटक सरकारच्या संध्या सुरक्षा योजनेतून पासष्टीवरील गरिबांस महिन्याला १,२०० रुपये मिळतात. अर्ज नाडकचेरीत करावा. एवढ्याने बाई ठेवता येत नाही हे उघड आहे. परंतु वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे, आणि अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने भेट द्यावी, हे त्यातील एक काम आहे. आपल्या वस्तीतील आशाताईस हे नाव घेऊन विचारावे. न विचारणाऱ्याकडे कोणी येत नाही. काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, कवळी, कानाचे यंत्र या वस्तू कमी मिळकतीच्या वृद्धांस वयोश्री योजनेच्या शिबिरांत विनामूल्य मिळतात. मदतीची वाट सापडत नसेल तेव्हा १४५६७ हा वृद्धांसाठीचा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो.

येथवर बाहेरच्या पैशाची गोष्ट झाली. खरा तंटा घरातल्या पैशाचा असतो. एका घरी आम्ही पाहिले की दोन मुलगे परगावी, दर महिन्यास थोडीफार रक्कम धाडणारे. आणि अविवाहित मुलगी शिक्षिकेची नोकरी सोडून आईपाशी. मुलग्यांच्या मते खर्च ते करीत होते. आम्ही तिला म्हटले, “बाई, एक महिनाभर तुझे तास लिहून काढ.” दिवसाला दहा धरले तरी महिन्याचे तीनशे झाले. या तीनशे तासांस बाजारात काय पडले असते आणि सोडलेल्या नोकरीचा पगार किती होता, हे दोन आकडे कागदावर आले तेव्हा दोघे मुलगे पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर रात्रीची बाई ठेवली गेली, आणि बहिणीच्या नावे दरमहा बँकेत रक्कम पडू लागली. तिला आपण दया करीत आहो असे कोणी मानले नाही, हे आम्हांस विशेष वाटले.

या बाबतीत कायद्याची एक विसंगती आहे. २००७ च्या मातापिता व ज्येष्ठ नागरिक पालनपोषण कायद्याने वृद्धांच्या पोषणाचा भार मुलगा, मुलगी, नातू व नात यांवर टाकला आहे. प्रांताधिकाऱ्यापुढील न्यायाधिकरण महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत पोटगी ठरवू शकते. त्या यादीत सून नाही. आणि आमच्या फेरीत आम्हांस भांडे उचलताना, चादर बदलताना जी दिसते, ती बहुतेक सूनच! कायद्याने जिच्यावर भार टाकला नाही, तिच्यावर घराने तो सबंध टाकला आहे. आणि हिशेबाच्या वेळी तिचे नाव कोठेच नसते.

इतर देशांनीही या प्रश्नावर डोके खपविले आहे. जर्मनीने १९९५ मध्ये शुश्रूषेसाठी वेगळा सक्तीचा विमा आणला. त्यातून घरी शुश्रूषा करून घेणाऱ्यास रोख रक्कम मिळते आणि काळजी घेणाऱ्या नातलगाच्या निवृत्तिवेतनाची भर पडते. जपानने २००० मध्ये असाच विमा आणला, परंतु नातलगांस रोख देण्याचे टाळले. तेथील स्त्रियांच्या संघटनांनीच हरकत घेतली होती की रोख पैसे दिल्यास सुना आणखी घट्ट बांधल्या जातील. म्हणून पैशांऐवजी माणूस द्या. आम्हांस जपानी स्त्रियांचे म्हणणे पटते. आपल्या देशात असा विमा नाही. मात्र केरळात कोझिकोड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून शेजाऱ्यांनी वाटून घेतलेल्या शुश्रूषेची एक रीत वाढली: वस्तीतील लोक थोडे थोडे पैसे जमवितात, स्वयंसेवक वेळ देतात, आणि नर्स घरोघर फिरते. दहा घरांनी मिळून एक नर्स ठेवणे केशवापुरासही अशक्य नसावे.

आमच्याच लोकांस येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. सणासाठी हजारोंची देणगी लिहून देणाऱ्या काही घरांत आईच्या सोबतिणीचा पगार दोन-दोन महिने थकलेला असतो. मंदिरास वाहिलेले म्हणून आईबापांस नाकारलेल्या धनाविषयी प्रभू काय बोलले, ते मार्काच्या सातव्या अध्यायात ज्याने त्याने वाचावे. अशी देणगी आम्हांस नको. सणाचा मंडप लहान घालू.

तसेच, म्हाताऱ्या आईवडिलांनी सेवेच्या भरवशावर घर मुलाच्या नावे करून देण्याची घाई करू नये. करावयाचेच असेल तर ‘माझे अन्न, निवारा व शुश्रूषा पाहण्याच्या अटीवर’ असे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे. ती अट मोडल्यास २००७ च्या कायद्याच्या २३ व्या कलमाखाली बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. अट लिहिलेली नसेल, तर ती सिद्ध करणे कठीण जाते. यात पोटच्या मुलावर अविश्वास आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी दोन वकिलांस विचारावे.

राहिली ती येणारी बाई. ओळखीने मिळाल्यास उत्तम. एजन्सीमार्फत घेतल्यास, आपण देतो त्यातले तिच्या हाती किती पडते, हे तिलाच विचारावे. ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी, मागे जेथे काम केले तेथे चौकशी करावी, दागिने व बँकेची कागदपत्रे कुलपात ठेवावी. आणि इतके केल्यावर तिच्यावर पहारा ठेवू नये. काम, तास, पगाराची तारीख आणि जेवण हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. कर्नाटकाने घरकामगारांस किमान वेतन २००४ मध्येच लागू केले, हेही ध्यानी असू द्यावे. आमच्या भागात एक गोष्ट आणखी येते, ती भाषेची. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मागाहून शिकलेल्या भाषा बहुधा आधी जातात. चाळीस वर्षे कारखान्यात कन्नड बोललेले आजोबा आता केवळ मराठी बोलतात, आणि बाईस कन्नडच येते. तेव्हा ‘पाणी’, ‘दुखते’, ‘थंडी वाजते’, ‘शौचास’ असे वीसेक शब्द मोठ्या कन्नड अक्षरांत लिहून भिंतीस लावावे; एका घरी आम्ही ते पाहिले, आणि आजोबांचा आरडाओरडा अर्ध्यावर आला होता.

तिची आठवड्याची सुटी त्याच कागदावर लिहावी. आणि त्या दिवशी खाटेपाशी घरातील कोण बसणार, त्याचे नावही पुढे लिहावे. सुनेखेरीज दुसरे.