वस्तीतल्या कुटुंबाने सायकल काढावी, ती सिकलसेलसाठी

जून २०१५ मध्ये नाशिकचे दोन भाऊ, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून सायकलने निघाले. आळीपाळीने सायकल चालवत सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर त्यांनी नऊ दिवसांच्या आत कापले. आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांना मदत व्हावी, हा त्यामागचा हेतू. दोन वर्षांनी आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली.

संशोधनासाठी सायकल चालवण्याची मोठी चाल अमेरिकेतल्या बोस्टनकडे आहे. बिली स्टार या तरुणाची आई त्वचेच्या कर्करोगाने गेली. १९८० मध्ये त्याच्यासह ३६ जणांनी सायकली काढल्या आणि १०,२०० डॉलर जमवले. आता तिथे आईबाप आणि मोठी मुले मिळून उतरतात. प्रत्येकाने आप्तेष्टांकडून ठरावीक रक्कम गोळा करायची आणि ती डाना-फार्बर या कर्करोग संस्थेला द्यायची, असा नियम आहे.

आपण कोणत्या आजारासाठी सायकल काढावी, असे कुणी विचारले तर आम्ही सिकलसेलचेच नाव घेऊ. नागपूरकडच्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९५८ लाच झाली. तरीही वस्तीत फिरताना आम्हाला अशी लेकरे भेटतात, ज्यांचे हातपाय ठणकतात आणि घरचे वाताची गोळी देऊन मोकळे होतात. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात, त्याचे हे दुखणे असते.

यावरचे एक मोलाचे संशोधन आपल्याच शहरात झाले आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध जुनेच, पण आपल्या मुलांना कमी डोस पुरेल का, हा प्रश्न होता. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी ६० मुलांवर तो तपासला. वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम, एवढाच डोस. ज्यांना औषध मिळाले त्या मुलांचे दुखण्याचे झटके कमी झाले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत जनुक दुरुस्त करणारा उपचार मंजूर झाला, त्याची किंमत २२ लाख डॉलर! विज्ञान म्हणून तो थोरच. पण आमच्या मते वस्तीतल्या आईला आज आधार आहे तो नागपूरच्या त्या साठ लेकरांचा आणि त्यांना संशोधनात सहभागी होऊ देणाऱ्या आईबापांचा. (हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे, आणि अधूनमधून रक्त तपासावे लागते.)

म्हणून पैसे जमवाल तर ते कुठे जाणार, हे आधी विचारा. कोणते संशोधन, कोणत्या संस्थेत, पावती मिळेल का? टी-शर्ट, बॅनर आणि साहेबांच्या फोटोत वर्गणी संपली तर ती नुसती मिरवणूक झाली.

१९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. त्या दिवशी निघायचे ठरले तर पहाटेच निघा. नागपूरचा जून सांगायला नको. त्याआधी घरातल्या सगळ्यांची सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. सोल्युबिलिटी चाचणीत दोष आढळला तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करावीच लागते, कारण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे पहिल्या चाचणीत कळत नाही. वाहकाला एरवी त्रास नसतो, तो सायकल चालवू शकतो. पण त्याने उन्हात, पाणी न पिता जीव तोडून चालवू नये. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे, धाप लागली की उतरावे.

रुग्ण असलेल्या लेकराने मात्र शर्यतीत उतरू नये. दमणूक आणि अंगातले पाणी कमी होणे, यांनी झटका येऊ शकतो. त्याला यायचेच असेल तर विहाराजवळ सावलीत पाण्याचा माठ ठेवा आणि तिथला ताबा त्याच्याकडे द्या.