ब्लॅक मँटाच्या शिरस्त्राणात दडले आहे काय?

चित्रकथा वाचताना नायकाइतकाच खलनायकही आपल्या लक्षात राहतो. ब्लॅक मँटा हा असाच एक खलनायक. ‘अ‍ॅक्वामॅन’ या अमेरिकन चित्रकथामालेच्या सप्टेंबर १९६७ च्या अंकात तो प्रथम अवतरला. त्याची कथा बॉब हॅनी यांची आणि चित्रे निक कार्डी यांची. पुढे २०१८ आणि २०२३ साली आलेल्या चित्रपटांमुळे तो आपल्याकडील मुलांच्याही ओळखीचा झाला. अंगात काळा पोशाख, डोक्यावर घमेल्याएवढे शिरस्त्राण आणि त्यावर दोन मोठे तांबडे डोळे! या डोळ्यांतून तो दाहक किरण सोडतो आणि समुद्राखालील अटलांटिस राज्याचा राजा अ‍ॅक्वामॅन याच्याशी वैर धरतो.

पाण्यात दडून बसणारा शत्रू आपल्याला नवा नाही. महाभारतातील कालकेय दानव दिवसा समुद्रात लपत आणि रात्री बाहेर पडून ऋषींना छळत. शेवटी अगस्ती ऋषींनी समुद्रच पिऊन टाकला, अशी ती कथा आहे. पण कालकेय पडले दानव. ब्लॅक मँटा मात्र तुमच्याआमच्यासारखा हाडामांसाचा माणूस आहे. त्याची सारी शक्ती त्याच्या पोशाखात आहे. तेव्हा त्याला भौतिकशास्त्राचे नियम लावून पाहण्यास काहीच हरकत नाही.

नावाची गंमत

‘मँटा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ घोंगडी किंवा पांघरूण. समुद्रात घोंगडी पसरावी तसा दिसणारा एक प्रचंड मासा आहे, त्याला हे नाव पडले. कोकणातील कोळी ज्यांना पाकट म्हणतात, त्या चपट्या माशांचा हा नातलग. याची रुंदी सात मीटरपर्यंत भरू शकते. पण त्याच्या शेपटीला नांगी नसते, आणि पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खाण्यापलीकडे तो कोणाच्या वाटेला जात नाही. खलनायकाने नाव घेतले ते अशा गरीब प्राण्याचे!

तांबडे किरण किती दूर जातील?

पाणी आपल्याला रंगहीन दिसते, पण ते सर्व रंगांचा प्रकाश सारखाच जाऊ देत नाही. तांबडा प्रकाश ते फार लवकर शोषून घेते. अगदी शुद्ध पाण्यातही, नेहमीच्या तांबड्या प्रकाशाचे शंभर भाग निघाले तर दहा मीटर अंतरावर त्यातले जेमतेम तीन-चार भाग पोहोचतात. निळ्या प्रकाशाचे मात्र नव्वदच्या आसपास भाग तेथवर जातात. खोल पाण्यात सारे निळसर दिसते ते यामुळेच. म्हणजे पाण्याखाली लढण्यासाठी ब्लॅक मँटाने नेमका सर्वांत गैरसोयीचा रंग निवडला आहे.

शिवाय शोषलेली ऊर्जा जाणार कोठे? ती पाणी तापवणार. २५ अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यास सुमारे ३१५ किलोज्यूल उष्णता लागते. त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. किरण खरोखर प्रखर असले, तर शत्रू भाजण्याआधी ब्लॅक मँटाच्या नाकासमोरचेच पाणी उकळू लागेल!

खरा खलनायक

चित्रकाराला किरण काढता येतात. पाण्याखालच्या खऱ्या शत्रूचे चित्र मात्र काढता येत नाही. तो शत्रू म्हणजे दाब.

आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की तेवढ्याच दाबाची भर पडते. दहा मीटरवर एकूण दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट.

आता समजा, ब्लॅक मँटा एका लांब नळीने पाण्यावरची हवा ओढतो आहे. त्याची छाती पाण्याखाली फक्त एक मीटर आहे. एक मीटर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम वजनाइतका. छातीचा पुढचा भाग ३० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद धरू, म्हणजे क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा : ९० किलोग्रॅम! नळीतून येणारी हवा साध्याच दाबाची असल्याने आतून या भाराला तोलणारे काही नाही. छातीवर ज्वारीचे भरलेले पोते ठेवून श्वास घेण्यासारखेच हे झाले. दोन मीटरवर हा भार १८० किलोग्रॅम होतो आणि कितीही बळकट माणसाची छाती फुगत नाही. भरीत भर म्हणजे लांब नळीत उच्छ्वासाची हवा अडकून राहते आणि तीच पुन्हा आत येते. पृष्ठभागावर पोहताना वापरायची श्वासनळी हातभरसुद्धा लांब नसते, याचे कारण हेच.

चिमुकल्या झडपेची करामत

मग पाणबुडे खाली जातात कसे? त्यांना आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा पुरवावी लागते. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी यासाठी एक झडप तयार केली. तिच्यातील लवचीक पडद्याच्या एका बाजूला पाणी असते. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत वाकतो, झडप उघडते आणि टाकीतील हवा नेमक्या बाहेरच्या दाबाने मिळते. ब्लॅक मँटाच्या शिरस्त्राणातली सर्वांत मोलाची वस्तू किरणांचे यंत्र नसून अशीच एखादी मूठभर झडप असली पाहिजे.

वर येतानाही शत्रू पाठ सोडत नाही. वर दाब कमी होतो आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे हवा प्रसरण पावते. दहा मीटर खोलीवर टाकीतून घेतलेली चार लिटर हवा कोंडून धरली, तर पृष्ठभागावर तिला आठ लिटर जागा हवी. फुफ्फुसे फाटतील. दुसरे संकट रक्तात मुरलेल्या नायट्रोजनचे. सोड्याची बाटली उघडताच जसे बुडबुडे येतात, तसे एकदम वर येणाऱ्याच्या शरीरात येतात. टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच पुत्र.

विहीरही समुद्रच

वर्धा जिल्ह्यातील आमच्या अल्लीपूरपासून समुद्र पाचशे किलोमीटरहूनही दूर आहे. मग हा खटाटोप आपल्याला कशाला? दाबाला समुद्र आणि विहीर यांतला भेद कळत नाही म्हणून! तो पाण्याच्या फक्त खोलीवर अवलंबून असतो, विस्तारावर नाही. समुद्रात एक मीटरवर जे घडते, तेच मळ्यातल्या विहिरीत एक मीटरवर घडते. ठिबकची नळी किंवा पपईचा पोकळ देठ तोंडात धरून विहिरीत बसण्याचा खेळ कोणी करू म्हणेल, तर त्याला वरचा गुणाकार करून दाखवा.

वरून दम भरून बुडी मारणाऱ्याला फुफ्फुसे फाटण्याचे भय नसते, कारण त्याच्या छातीतील हवा खाली आकसते आणि वर येताना पूर्ववत होते. त्याच्यासाठी सापळा निराळा आहे. जास्त वेळ टिकावे म्हणून काही मुले बुडीआधी भराभर खोल श्वास घेतात. त्यामुळे प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, पण शरीरातील कार्बन डायऑक्साइड घटतो. ‘आता श्वास घे’ ही निकड मेंदूला मुख्यतः या वायूमुळेच जाणवते. इशारा मिळत नाही, प्राणवायू संपत येतो आणि मुलगा पाण्यातच बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेही असे दगावतात. म्हणून बुडीआधी भराभर श्वास घेऊ नये, दम धरण्याची पैज लावू नये आणि एकट्याने विहिरीत उतरू नये.

स्वतः करून पाहा

दाबाची ओळख पाण्याबाहेर राहूनही होते. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक उंच पिंप पाण्याने भरा. मीटरभर लांबीच्या स्वच्छ नळीवर दर दहा सेंटिमीटरवर खुणा करा. नळीचे टोक एकेक खूण खाली नेत हळू फुंका आणि बुडबुडे कोठवर निघतात ते पाहा. घेरी येईपर्यंत फुंकू नका. दहा सेंटिमीटरवर सहज निघणारे बुडबुडे सत्तर-ऐंशीवर गाल दुखवतील. येथे आपण हवा बाहेर ढकलतो, तर पाण्याखाली नळीने ती आत ओढायची असते. पण दोन्हीकडे झुंज त्याच दाबाशी आहे. तुमच्या वर्गात कोण किती खोलीपर्यंत पोहोचतो, याची नोंद करा आणि त्यावरून प्रत्येकाच्या फुंकीचा दाब काढा.