बेटाकडे पाहण्याची दृष्टी : अजिंठ्याचे सतरावे लेणे, सिंहलद्वीप आणि अंदमान

पाली भाषेत ‘दीप’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक अर्थ दिवा आणि दुसरा अर्थ बेट. संस्कृतातील ‘दीप’ आणि ‘द्वीप’ हे दोन्ही शब्द पालीत येताना एकच रूप धारण करतात. श्रीलंकेच्या प्राचीन इतिहासग्रंथाचे नाव ‘दीपवंस’ आहे, ते बेटाचा इतिहास याच अर्थाने. महापरिनिब्बाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना स्वतःच स्वतःचे दीप होण्याचा उपदेश केला, तेथेही अनेक अभ्यासक ‘दीप’ म्हणजे बेट असाच अर्थ घेतात. चहूकडे महापूर असताना ज्यावर पाय रोवून उभे राहता येईल अशी कोरडी, भक्कम जमीन, म्हणजे बेट. या अर्थाने बेट हे आश्रयाचे स्थान आहे आणि तेथे आधीपासून राहणाऱ्यांसाठी तर ते त्यांचे घरच आहे.

हे येथे मांडण्याचे कारण असे की, बेटांची सहल हा आता मराठवाड्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही आवाक्यातला विषय झाला आहे. आमचे कित्येक माजी विद्यार्थी नोकरीला लागल्यावर आई-वडिलांना घेऊन अंदमानला किंवा श्रीलंकेला जाऊन येतात. ज्यांच्या आजोबांनी तालुक्याचे गावही क्वचित पाहिले, त्यांची नातवंडे समुद्र ओलांडतात, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. परंतु दूरच्या बेटावर जाऊन काय पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कसे पाहावे, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. त्या विचाराचा एक धडा आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळात हे विहार कोरले गेले. सभामंडपाच्या उजव्या भिंतीवर ‘सिंहल अवदान’ चितारलेले आहे. सिंहल नावाचा व्यापारी पाचशे व्यापाऱ्यांसह समुद्रपर्यटनास निघतो. गलबत फुटते आणि ते सर्वजण ताम्रद्वीप नावाच्या बेटाला लागतात. तेथील सुंदर स्त्रिया त्यांचे स्वागत करतात, परंतु त्या वस्तुतः माणसे खाणाऱ्या राक्षसिणी असतात. सिंहलाला हे कळते. आकाशमार्गे उडणारा एक शुभ्र अश्व, जो बोधिसत्त्वाचे रूप आहे, या सर्वांना वाचवण्यास येतो. मागे वळून पाहू नका, असे तो बजावतो. मोहाने मागे पाहणारे खाली पडतात आणि एकटा सिंहल घरी पोहोचतो. पुढे एक राक्षसीण त्याचा माग काढत येते, राजाला भुलवते आणि राजवाड्याचा घात करते. प्रजा सिंहलाला राजा करते. तो सैन्य घेऊन बेटावर चाल करून जातो, राक्षसिणींचा पाडाव करतो आणि त्या बेटाला सिंहलद्वीप हे नाव मिळते. नावांतून उतरणारे हत्ती, भाले घेतलेले सैनिक आणि शरण येणाऱ्या स्त्रिया आजही त्या भिंतीवर ओळखता येतात.

धम्माच्या दृष्टीने या कथेचा बोध स्पष्ट आहे. तृष्णा माणसाला बांधून ठेवते आणि जो मागे वळून पाहत नाही तो मुक्त होतो. हा बोध आम्हांस मान्यच आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. गलबत येण्यापूर्वी त्या बेटावर कोण राहत होते? ज्यांना कथा राक्षसिणी म्हणते, त्यांची बाजू कोणत्या भिंतीवर रंगवलेली आहे?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर ‘महावंस’ या ग्रंथात मिळते. त्यातील विजय नावाचा राजपुत्र आपल्या साथीदारांसह प्रथम सुप्पारक, म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा, येथे उतरतो. साथीदारांच्या दांडगाईमुळे त्याला तेथून निघावे लागते आणि मग तो लंकेस पोहोचतो. तेथे त्याला कुवेणी ही यक्षिणी भेटते. तिच्या मदतीने तो राज्य मिळवतो, तिच्यापासून त्याला दोन अपत्ये होतात, आणि पुढे राजकन्येशी विवाह करायचा म्हणून तो कुवेणीला घालवून देतो. तिची मुले डोंगराळ प्रदेशात पळून जातात. सतराव्या लेण्यातील हे चित्र म्हणजे विजयाचेच लंकेत आगमन, असे पूर्वीचे काही अभ्यासक मानत असत. आता ते सिंहल अवदान म्हणून निश्चित झाले आहे. मात्र दोन्ही कथांचा सांगाडा सारखाच आहे. बाहेरून आलेला राजा होतो आणि मूळचे रहिवासी यक्ष व राक्षस ठरतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला शिकवलेली इतिहासाची पद्धत येथे उपयोगी पडते. नाग म्हणजे सर्प नव्हेत, ती माणसे होती, हे त्यांनी आग्रहाने मांडले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भाषणात नागांनी बौद्ध धम्माचा प्रसार केल्याचे त्यांनी अभिमानाने सांगितले. नागांना लावलेला हा न्याय यक्षांना आणि राक्षसांनाही लावला पाहिजे, मग ती कथा आपल्या स्वतःच्या परंपरेतील का असेना. श्रीलंकेत आजही वेद्दा या नावाने ओळखला जाणारा आदिवासी समाज आहे. शिकार, मध आणि अरण्य यांवर त्याचे जीवन उभे होते. १९८३ मध्ये मादुरू ओया हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तेव्हा त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अरण्य त्यांच्यासाठीच निषिद्ध ठरले. पूर्वी त्यांना यक्ष म्हणून बाजूला सारले गेले, आता निसर्गरक्षणाच्या नावाखाली.

बेटावर जाण्याची दुसरी रीतही त्याच श्रीलंकेच्या इतिहासात आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर तेथे गेले, ते सैन्य न घेता. मिहिंतलेच्या टेकडीवर शिकारीस आलेल्या देवानंपिय तिस्स राजाला त्यांनी प्रथम प्रश्न विचारले. हे कोणते झाड? आंब्याचे. याखेरीज आंब्याची आणखी झाडे आहेत काय? पुष्कळ आहेत. आंब्याव्यतिरिक्त दुसरी झाडे आहेत काय? तीही पुष्कळ आहेत. ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडे सोडून आणखी काही आहे काय? होय, हे समोरचे आंब्याचे झाड आहे. या उत्तरांवरून राजाची बुद्धी पारखून मग त्यांनी धम्म सांगितला. पाहुण्याने यजमानाला विचारवंत मानून संवाद सुरू करावा, ही ती रीत. ज्येष्ठ पौर्णिमेस श्रीलंकेत ‘पोसोन’ म्हणून साजरा होणारा उत्सव याच भेटीचा आहे.

बाबासाहेब १९५० मध्ये श्रीलंकेला गेले, तेही याच वृत्तीने. जागतिक बौद्ध बंधुत्व परिषदेच्या निमित्ताने ते कोलंबो आणि कँडी येथे होते. तेथील समुद्रकिनारे आणि चहाचे मळे जगप्रसिद्ध आहेत. परंतु बौद्ध धम्म तेथील माणसांच्या प्रत्यक्ष जीवनात कसा आहे, हे बाबासाहेबांना जाणून घ्यायचे होते. त्याच १९५० च्या जूनमध्ये आपल्या या शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, ज्याला पुढे राजा मिलिंदाचे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणारा राजा. नागसेनवनाच्या छायेत शिकलेल्या आमच्या पिढीला या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता अंदमानकडे वळू. निसर्गाने या द्वीपसमूहाला भरभरून दिले आहे. सदाहरित वर्षावने, खाड्यांच्या काठची खारफुटी, उथळ पाण्यातील प्रवाळ, भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी असलेले बॅरन बेट, आणि केवळ नारकोंडम या एकाच लहानशा बेटावर आढळणारा धनेश पक्षी. बाराटांग येथील चुनखडीच्या गुहा तर आम्हां लेण्यांच्या जिल्ह्यातील लोकांनी अवश्य समजून घ्याव्यात अशा आहेत. अजिंठा-वेरूळची लेणी लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणात माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरली. बाराटांगच्या गुहा पाण्याने कोरल्या आहेत. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडी विरघळवते, त्यातून पोकळ्या तयार होतात, आणि छतावरून थेंबाथेंबाने झिरपणारे पाणी आपल्यातील चुना मागे ठेवत जाते, त्याचे दगडी झुंबर बनते. जवळच चिखलाचे ज्वालामुखी आहेत. तेथे लाव्हारस नसतो. जमिनीखालील वायू चिखलाला वर ढकलतात आणि त्याचे बुडबुडे फुटत राहतात.

परंतु राजधानीहून बाराटांगला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा या आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. पर्यटकांची वाहने ठरावीक वेळी ताफ्याने सोडली जातात. वाटेत थांबणे, छायाचित्रे काढणे, खाद्यपदार्थ देणे यांना मनाई आहे. १९५६ च्या विनियमाने या जमातींना संरक्षण दिले आहे, आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातून जाणारा रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. तरीही वाहतूक चालू राहिली. जानेवारी २०१२ मध्ये, खाऊच्या बदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. गुहा पाहावयास निघालेल्या माणसांनी वाटेत माणसांचेच प्रदर्शन मांडले. पुढे बाराटांगसाठी पर्यायी सागरी मार्गाची सोयही करण्यात आली.

या वागण्याची किंमत केवळ अपमानाची नाही. बाहेरच्या रोगांविरुद्धची प्रतिकारशक्ती या लहान समूहांत नसते. १८५८ मध्ये इंग्रजांनी तेथे कैद्यांची वसाहत स्थापली, तेव्हा ग्रेट अंदमानी जमातींची संख्या काही हजार होती. १९०१ च्या जनगणनेत ती ६२५ आणि १९६१ मध्ये अवघी १९ भरली. २०११ मध्ये ग्रेट अंदमानी ४४ आणि जारवा ३८० नोंदले गेले. ‘बो’ भाषा बोलणारी शेवटची स्त्री बोआ सीनियर जानेवारी २०१० मध्ये निवर्तली आणि तिच्यासोबत ती भाषाही संपली. उत्तर सेंटिनल बेटावरील लोक आजही बाहेरच्या माणसाला परतवून लावतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पाहणीस गेलेल्या हेलिकॉप्टरवर बाण रोखलेल्या सेंटिनली माणसाचे छायाचित्र सर्वांना ठाऊक आहे. त्यांना क्रूर म्हणणाऱ्यांनी हा शेकडो वर्षांचा हिशेब आधी वाचावा. मार्को पोलोने तर अंदमानची माणसे कुत्र्याच्या तोंडाची असल्याचे लिहून ठेवले होते. राक्षसीण म्हणणे आणि श्वानमुखी म्हणणे यांत अंतर ते काय?

हा विषय आंबेडकरी घरांतील मुलांसाठी अधिक जवळचा आहे. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. तीही एक बेटासारखीच होती. दुरून पाहिली जाणारी, नावे ठेवली जाणारी, पण जिच्या मताला किंमत नाही अशी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आत जाण्याचा हक्क बजावला. सेंटिनली लोक दुसऱ्यांना आत येऊ न देण्याचा हक्क बजावतात. वरवर पाहता या गोष्टी परस्परविरुद्ध वाटतील. पण आपल्या जगण्याविषयीचा निर्णय आपण करू, तो दुसरा कोणी आपल्यावर लादणार नाही, हे तत्त्व दोन्हींत एकच आहे. ज्यांनी पहिला हक्क मिळवला, त्यांनी दुसऱ्याचा हक्क ओळखलाच पाहिजे.

म्हणून बेटांच्या सहलीला जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जरूर जावे. प्रवाळावर पाय न देता समुद्र पाहावा, शंख-शिंपले जेथल्या तेथे राहू द्यावेत, राखीव अरण्यात काच खाली करू नये आणि भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा. सेल्युलर जेल पाहताना, त्याच्या उभारणीपूर्वी या भूमीवर कोण होते, हेही मार्गदर्शकास विचारावे. आणि निघण्यापूर्वी एकदा अजिंठ्यास जाऊन सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीसमोर थोडा वेळ उभे राहावे. सिंहलाकडे सर्वांचेच लक्ष जाते. आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी त्या किनाऱ्यावर हात जोडून उभ्या असलेल्या, नाव नसलेल्या स्त्रियांकडेही पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.