चार बांध मोजले म्हणजे शेत मोजले असे नाही

एखादा तुकडा खरेदी करायचा असो, भांगलणीचे उक्ते द्यायचे असो, की भावाभावांत वाटणी करायची असो, गावात मोजणीची एक ठरलेली रीत दिसते. चारही बांध दोरीने मोजायचे, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. आलेल्या चौरस फुटांना १०८९ ने भागले की गुंठे. (३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे १ एकर.) गुणाकार बरोबर असतो, भागाकारही बरोबर असतो. पण उत्तर मात्र बहुतेक वेळा चुकलेले असते, आणि ते नेहमी एकाच बाजूला चुकते. जमीन असते त्यापेक्षा जास्त भरते. घेणाऱ्याचे नुकसान, विकणाऱ्याचा फायदा.

असे का होते? चार फळ्या टोकाला एकेक खिळा ठोकून जोडा. चौकट उभी केली तर चौरस होईल. तिला कोपऱ्यातून हळूहळू दाबा. फळ्यांची लांबी तीच राहते, पण आतली जागा कमी कमी होत जाते आणि शेवटी चारही फळ्या एकमेकींवर बसतात. शेताचे तसेच आहे. समजा, चारही बांध १३० फुटांचे आहेत. गावच्या रीतीने १३० गुणिले १३०, म्हणजे १६,९०० चौरस फूट, साडेपंधरा गुंठे झाले. आता त्याच शेताचे दोन कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधली तिरकी अंतरे, मोजली आणि ती २४० व १०० फूट निघाली. हा समभुज चौकोन आहे, आणि त्याचे क्षेत्रफळ कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. म्हणजे १२,००० चौरस फूट, जेमतेम ११ गुंठे. साडेचार गुंठे कागदावरच उगवले म्हणायचे!

खरेदीत पैसा जातो तो डोळ्यांना दिसतो तरी. खताचे आणि औषधाचे दिसत नाही. ११ गुंठ्यांत साडेपंधरा गुंठ्यांचे तणनाशक मारले की मात्रा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त पडते. पिकाला चटका बसतो आणि आपण मात्र दुकानदाराला बोल लावतो.

ही गोष्ट आजची नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त याविषयी चांगलेच खडसावले आहे. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणारा तर त्याच्याही वरचा! चाळीसगावजवळच्या पाटण येथे शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असे त्यात सांगितले आहे. खानदेशच्या मातीत शिकवला गेलेला हा धडा आपण बांधावर विसरतो, एवढेच.

तेव्हा आधी शेताचा आकार ओळखा. समोरासमोरचे बांध सारखे भरले तर तो समांतरभुज चौकोन. तेवढ्याने काटकोन सिद्ध होत नाही. दोन्ही कर्णही सारखे भरले तरच तो आयत, आणि वर चारही बाजू सारख्या असतील तर चौरस. लांबी गुणिले रुंदी फक्त या दोघांनाच लागू पडते. समांतरभुज असेल तर एक बांध आणि त्याच्यापासून समोरच्या बांधापर्यंतचे सरळ, म्हणजे काटकोनातले, अंतर यांचा गुणाकार करावा. तिरका बांध धरू नये. काटकोन साधायला गवंड्याचा गुण्या नसला तरी चालते. दोरीचा ३०, ४० आणि ५० फुटांचा त्रिकोण करा. ३० आणि ४० फुटांच्या बाजू मिळतात तिथे काटकोन.

पण आपली बहुतेक शेते यांतल्या कशातच बसत नाहीत. एक बांध ओढ्याने खाल्लेला, दुसरा गाडीवाटेने वाकडा. अशा कोणत्याही चौकोनासाठी एक रीत पुरते. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे दोरी ताणून कर्ण मोजा. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीपर्यंतचे सर्वांत जवळचे अंतर मोजा. तेच लंब. दोन्ही लंबांची बेरीज करा, तिला कर्णाने गुणा आणि निम्मे करा. कर्ण २०० फूट, लंब ९० आणि ७५ फूट असतील तर २०० गुणिले १६५, त्याचे निम्मे १६,५०० चौरस फूट. म्हणजे १५ गुंठ्यांहून थोडे जास्त. एखादा कोपरा आत घुसलेला असेल तर कर्ण त्याच कोपऱ्यातून घ्यावा. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, म्हणून फीत मिळाली तर फीतच वापरा. उतारावर ती जमिनीसरशी न टेकवता आडवी धरावी. मोबाईल घेऊन बांधावरून फिरले की क्षेत्र दाखवणारी सोय आता आहे. मोठ्या शेताला ती बरी, पण पाच-दहा गुंठ्यांत तिच्यावर विसंबू नये.

आता वाटणी. तंटा इथेच होतो. समजा, रस्त्याकडचा बांध १६० फूट, ओढ्याकडचा ८० फूट, दोन्ही समांतर आणि मधले सरळ अंतर १२० फूट. हा समलंब चौकोन. दोघा भावांनी बरोबर मध्यावर, ६० फुटांवर, आडवा बांध घातला. दिसायला निम्मेनिम्मे. प्रत्यक्षात रस्त्याकडच्याला ८,४०० चौरस फूट मिळाले आणि ओढ्याकडच्याला ६,०००. दोन गुंठ्यांहून जास्त फरक. त्याऐवजी रस्त्याकडच्या बांधाचा मध्य आणि ओढ्याकडच्या बांधाचा मध्य जोडून उभा बांध घाला. दोघांनाही ७,२०० चौरस फूट मिळतात. शिवाय रस्ताही दोघांना, ओढाही दोघांना. अर्थात ही घरची मोजणी झाली. हद्दीचा वाद असेल किंवा दस्त करायचा असेल तर भूमी अभिलेख खात्याची मोजणीच लागते.

खोलीचा हिशेब आला की घनफळ. शेततळे वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असेल तर २,७०० घनमीटर पाणी धरून लोक मोकळे होतात. पण बाजू उताराच्या असतात. १ मीटर खोलीला १ मीटर उतार धरला तर तळ २४ मीटर गुणिले २४ मीटर उरतो, आणि घनफळ भरते २,१९६ घनमीटर. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. पाच लाख लिटर पाणी तळ्यात नसताना त्याच्यावर भाजीपाल्याचे क्षेत्र ठरवले, तर उन्हाळ्यात काय होईल? खोदाईचे बिलही याच आकड्यावर तपासावे.

विहिरीचे गणित आणखी फसवे आहे. २० फूट व्यासाची विहीर २४ फूट केली तर वाढ चारच फुटांची वाटते, पण दर फूट खोलीला माती-मुरूम ३१४ घनफुटांऐवजी ४५२ घनफूट निघतो. जवळजवळ दीडपट. परसावर ठेका देणाऱ्यांनी व्यास आधी पक्का करावा.

खळ्यावरच्या धान्याच्या राशीला ‘लीलावती’तलीच रीत सोपी. राशीचा घेर मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि उंचीने गुणा. घेर ३० फूट, उंची ३ फूट तर ७५ घनफूट. आजच्या सूत्राने ते ७१ ते ७२ घनफूट येते, पण अंदाजाला पुरते. रास भिंतीला टेकलेली असेल तर अर्धा घेर दुप्पट धरून हिशेब करा आणि उत्तर निम्मे करा.

घरात सातवी-आठवीतले मूल असेल त्याला ही दोन उदाहरणे द्या. एका शेताचा कर्ण २२० फूट, लंब ६६ आणि ३३ फूट, तर किती गुंठे? कंपोस्टचा खड्डा ३० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट खोल आणि ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच, तर काठोकाठ भरलेल्या खड्ड्यातून सपाट भरलेल्या किती ट्रॉल्या निघतील? उत्तरे: १० गुंठे आणि साडेचार ट्रॉल्या.